संवेदनांचा त्रास होणाऱ्या मोठ्या माणसासाठी शांत घर: भाड्याच्या वन बीएचकेत काय करावं, कोणत्या क्रमाने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात रस्त्यालगतच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा वन बीएचके आहे. तिशीत ऑटिझमचं निदान झालं, सोबत आई राहते. ऑफिसातून आलं की ट्यूबलाइट, टीव्ही, मिक्सर, खालचे हॉर्न सगळं एकदम अंगावर येतं आणि जेवणापर्यंत बोलायचंही त्राण उरत नाही. हाताशी ५० हजार रुपये आहेत. फिकट निळा रंग, फोमचे पॅनेल आणि रंग बदलणारे दिवे घेऊन हॉलची 'सेन्सरी रूम' (संवेदनांचा विचार करून खास सजवलेली खोली) करावी का?

यातलं काहीच सध्या घेऊ नका. रंगाने हॉर्न कमी होत नाही आणि फोमने बाहेरचा आवाज अडत नाही. रंगीत दिव्यांची कल्पना तर वेगळ्याच गरजेतून आली. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांसाठी 'स्नूझलेन' खोल्या सुरू झाल्या. ज्यांना स्वतःहून अनुभव घेता येत नाहीत त्यांच्यापर्यंत उजेड, आवाज, स्पर्श पोचावा असा त्यामागे हेतू होता. बुडबुड्यांचे खांब आणि रंगीत दिवे तिथून सगळीकडे पसरले. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला अनुभव कमी पडत नाहीत, ते उतू जातायत. अशा वेळी घरात काय आणायचं यापेक्षा घरातून काय कमी करायचं, हा पहिला प्रश्न.

अर्थात हे माणसागणिक बदलतं. ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारा उपचार) या क्षेत्रातल्या अमेरिकन अभ्यासक विनी डन यांनी १९९७ मध्ये मांडलेली चौकट इथे कामाला येते. त्या दोन गोष्टी पाहतात: टोचायला किती थोडी संवेदना पुरते, आणि टोचल्यावर माणूस सोसत बसतो की काही हालचाल करतो. एकाच माणसाचं उत्तर कानासाठी एक आणि अंगासाठी वेगळं असू शकतं. हॉर्न सहन न होणाऱ्या कितीतरी जणांना जड पांघरूण, झोपाळा, घट्ट दाब मात्र भरपूर हवा असतो. त्यांच्यासाठी खोली नुसती रिकामी केली तर अस्वस्थता वाढते. म्हणून खर्चाआधी सात दिवस एक वही ठेवा. त्रास झाला की वेळ, खोली, त्या क्षणी काय चालू होतं आणि त्रास ० ते १० मध्ये किती, एवढंच लिहा. 'आवाज' असं मोघम लिहू नका. 'मिक्सर', 'फ्रिज सुरू होतानाचा धक्का', 'लिफ्टचं दार' असं लिहा. आठवड्याअखेर बहुधा तीन-चार गोष्टीच पुन्हापुन्हा आलेल्या दिसतात. पैसे त्यांच्यावरच घालायचे. शक्य असेल तर ही वही घेऊन मोठ्यांसोबत काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना एकदा भेटा. तुमच्या पाहण्यातून सुटलेलं त्यांना दिसतं.

आता घराच्या आतल्या आवाजांपासून सुरुवात करू, कारण ते स्वस्तात कमी होतात.

पंखा. हळू वेगावर घूं असा आवाज येत असेल तर दोष बहुतेक वेळा रेग्युलेटरचा असतो. टप्पे नसलेला, सलग फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लहर कापतो आणि मोटर गुणगुणते. पाच टप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की हा आवाज जातो. इलेक्ट्रिशियनचं दहा मिनिटांचं काम आहे. पंखाच बदलायचा असेल तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) घ्या. साधा पंखा ७०-७५ वॅट घेतो, हा पूर्ण वेगाला ३० च्या आसपास, आणि मोटरची गुणगुण जवळपास नसते. त्याला भिंतीवरचा रेग्युलेटर लावायचा नाही, थेट स्विच द्यायचा, नाहीतर त्याचं सर्किट बिघडतं. एक गोष्ट मात्र आधी माहीत असू द्या: पंख्याची सततची घरघर शेजारचा टीव्ही झाकत असते. पंखा गप्प झाला की तो टीव्ही ऐकू यायला लागतो. नवा पंखा अगदी सावकाश न ठेवता मध्यम वेगावर ठेवला तर नुसत्या वाऱ्याचा एकसारखा आवाज राहतो, आणि तो बहुतेकांना चालतो.

इन्व्हर्टर. वीज गेल्यावर पंखे आणि दिवे जास्त गुणगुणत असतील तर तो बहुधा स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे विजेची लहर गुळगुळीत न देणारा आहे. त्यावर दुसरा उपाय नाही. बदलताना प्युअर साइन वेव्हचा घ्या.

फ्रिज. चारही पाय नीट टेकलेत का ते पाण्याच्या लेव्हलने तपासा, खाली रबरी पॅड घाला आणि मागची बाजू भिंतीला चिकटू देऊ नका. चिकटली की भिंतच वाजायला लागते. बऱ्याच वन बीएचकेत फ्रिज हॉलमध्ये असतो. तो स्वयंपाकघरात नेता आला तर न्या, एक पैसाही न लागता मोठा फरक पडतो.

कुकर आणि मिक्सर. या आवाजांचा त्रास मोठेपणापेक्षा अचानक येण्याने जास्त होतो. पहिली शिट्टी होताच आच अगदी बारीक केली तर आतला दाब टिकतो, डाळ शिजते आणि पुढच्या शिट्ट्या होत नाहीत. आईंना शिट्ट्यांऐवजी मिनिटं मोजायची सवय करावी लागेल, एवढंच. मिक्सर जाड रबरी मॅटवर ठेवा, ओट्याचा दगड वाजणं थांबतं. चटण्या-वाटणं तुम्ही घरी यायच्या आधी होतील असं ठरवा. दाराची घंटा आवाज कमी-जास्त करता येणारी वायरलेस घ्या, मंद सूर निवडा आणि आवाज सर्वात खाली ठेवा.

टीव्हीचं भांडण होऊ देऊ नका. टीव्ही भिंतीवर आणि आई दहा फुटांवर असतील तर त्यांना ऐकू यावं म्हणून सगळी खोली भरावी लागते. त्यांच्या खुर्चीशेजारी छोटा स्पीकर ठेवा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. बंद खोलीत थोडा कमी वाढतो, तरी फरक चांगलाच जाणवतो. त्यांना पहिल्याइतकंच स्पष्ट ऐकू येतं आणि तुमच्याकडे बरंच कमी पोचतं.

आता उजेड. आवाजानंतर काहींना खूप थकवणारी गोष्ट म्हणजे दिव्याची लुकलुक, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. साध्या चोकची जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. बरेच स्वस्त एलईडीही तेच करतात, कारण त्यांच्या ड्रायव्हरमध्ये (आतल्या विजेच्या सर्किटमध्ये) लहर सपाट करायला पुरेसा कपॅसिटर नसतो. डोळ्याला सलग उजेड दिसतो, पण काहींचं डोकं दुखतं, वाचताना ओळी हलतात. तपासायला पैसे लागत नाहीत. अंधाऱ्या खोलीत तो एकच दिवा लावा आणि त्याच्या उजेडात पेन्सिल झपझप हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर दिवा ठीक. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर लुकलुक आहे. फोनच्या स्लो मोशन व्हिडिओतही पट्टे सरकताना दिसतात. दुकानात हीच परीक्षा करून मगच बल्ब घ्या. डिमर शक्यतो टाळा. साध्या एलईडीला डिमर लावला की लुकलुक उलट वाढते. उजेड कमी करायचा असेल तर वेगवेगळ्या जागी दोन-तीन लहान दिवे ठेवा आणि हवे तेवढेच लावा.

छतावरची ६५०० केल्विनची पांढरीफटक ट्यूब संध्याकाळी बंद ठेवायची. तिच्याऐवजी २७०० ते ३००० केल्विनचे (पिवळसर उजेडाचे), ४-५ वॅटचे म्हणजे साधारण ३०० ते ४५० ल्युमेनचे तीन दिवे घ्या. एक भिंतीकडे तोंड करून, एक तुमच्या जागेशेजारी, एक आईंच्या खुर्चीशेजारी. बसल्या जागेवरून बल्ब उघडा दिसता कामा नये. कापडी किंवा कागदी शेड हवीच. एलईडी पट्टी लावायचीच असेल तर दुधी झाकणाच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीत लावा. उघडी लावलीत तर तिचा एकेक ठिपका चकचकीत व्हिट्रिफाइड फरशीत पुन्हा दिसतो, आणि वरून नाही तर खालून चकाकी येते. आईंना मात्र कमी उजेडात ठेवू नका. वय वाढतं तसा डोळ्यांना जास्त उजेड लागतो. ओट्यावर, बाथरूममध्ये आणि त्यांच्या वाचनाच्या जागी स्वतंत्र, भरपूर उजेड हवाच. हॉलचा उजेड तुमच्या मनासारखा करता येतो तो यामुळेच.

दिवसा खिडकीला दोन थर लावा: आत पातळ सुती पडदा, त्यापुढे जाड. पश्चिमेची खिडकी असेल तर बाहेरून बांबूची चिक लावा. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर उष्णताही जास्त अडते.

आता रस्त्याचा आवाज. इथे लोक सर्वात जास्त पैसे वाया घालवतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भिंतीवरचा फोम खोलीतल्या आवाजाचा घुमारा थोडा कमी करतो. बाहेरून येणारा आवाज त्यातून आरपार जातो. जाड पडद्याचंही तेच. आवाज अडवायला दोनच गोष्टी लागतात: फट नसणं आणि वजन. यातली फट आधी. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का भाग उघडा राहिला तर काच कितीही भारी असो, २० डेसिबलपलीकडे आवाज कमी होत नाही. ४ फूट बाय ४ फूट खिडकीत १ टक्का म्हणजे पाच इंच बाय पाच इंचाचं एक भोक. सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीच्या दोन पाख्यांमधली फट, खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं, केबलसाठी पाडलेलं छिद्र मिळून तेवढं सहज होतं.

पहिल्या दिवशी हे करा. खिडकी बंद करून बाजूंनी उदबत्ती फिरवा (वासाचा त्रास असेल तर हे काम आईंना करू द्या). धूर जिथे हलतो तिथून आवाज येतो. पाख्यांची झिजलेली ब्रशपट्टी बदला. अ‍ॅल्युमिनियमवाल्याकडे ती मीटरवर मिळते, पण जाडी आणि उंची जुन्या तुकड्याशी जुळवून घ्या. कमी उंचीची पट्टी फट बंद करत नाही आणि जास्त उंचीची पाखं अडकवते. चौकट आणि भिंत यांतली फट अ‍ॅक्रिलिक सीलंटने भरा. ट्रॅकमधली पाणी जायची भोकं कायमची बुजवू नका, पावसाळ्यात पाणी घरात येईल. मुख्य दाराखाली रबरी पट्टी लावा, जिन्यातला आवाज तिथूनच येतो.

एवढ्यानेही पुरलं नाही तर आतून दुसरी खिडकी. भाड्याच्या घरात ६ मिलिमीटरचं पारदर्शक प्लास्टिक म्हणजे अ‍ॅक्रिलिक चौकटीत घालून, काढता येईल असं बसवता येतं. जुन्या काचेपासून ते ४ इंच आत असावं. कमी अंतराच्या बाजारी डबल ग्लासपेक्षा हे मोठं अंतर रस्त्याच्या आवाजाला जास्त उपयोगी पडतं. ४ बाय ४ चं एकच अ‍ॅक्रिलिक साडेदहा किलोच्या घरात जातं, म्हणून दोन भाग करा. वजन खालच्या पट्टीवर टेकू द्या. चुंबकपट्टी फक्त कडा घट्ट धरण्यासाठी. सगळं वजन चुंबकावर टाकलं तर एखाद्या दिवशी ते खाली येतं. दोन्ही भागांना मूठ हवी आणि हत्याराशिवाय काढता आलं पाहिजे, आग लागली तर ती बाहेर पडायची वाटही असू शकते. रस्त्यावर उभ्या बसच्या इंजिनाची जाड घरघर यानेही पूर्ण जात नाही. तिच्यासाठी झोपण्याची जागा आतल्या बाजूला नेणं हाच खरा उपाय.

इथे एक कडक सूचना. घरात गॅस गीझर असेल तर बाथरूमची जाळी किंवा झरोका कधीही बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्वयंपाकघराची हवाही खेळती हवी. रस्त्याकडची खिडकी बंद ठेवायची तर मागच्या बाजूची एक उघडी ठेवा.

खोलीतला घुमारा वेगळा विषय आहे. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागे झणझण शेपूट ऐकू आली तर फरशी, प्लास्टर आणि स्लॅब आवाज परत फेकतायत. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या चौथाई ते तृतीयांश एवढा मऊ पृष्ठभाग साधारण पुरतो. १० बाय १४ च्या हॉलला ३५ ते ४५ चौरस फूट. ६ बाय ४ ची जाड सतरंजी, खाली फेल्ट आणि खिडकीच्या दुप्पट रुंदीच्या कापडाचा चुण्या पडणारा पडदा, एवढ्यात भागतं. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी मात्र लोकरी गालिचा घेऊ नये. पावसाळ्यात त्याला बुरशी येते आणि कुबट वासाचा नवा त्रास सुरू होतो. धुता येतील अशा दोन-तीन सुती सतरंज्या एकावर एक घातलेल्या बऱ्या.

आता तुमचा कोपरा. सगळा हॉल बदलायची गरज नाही, ४ बाय ६ फूट पुरेत. पाठ भक्कम भिंतीला, दार समोर दिसणारं. मागून कोणी येण्याची धास्ती शरीर धरून ठेवतं. लिफ्टच्या किंवा संडासाच्या पाइपच्या भिंतीला पाठ नको. भिंतीला कान लावून रात्री एकदा तपासा. भोवती छताच्या हुकांना सुती मच्छरदाणी किंवा पातळ पडदा टांगा. त्याने आवाज अडत नाही, पण नजरेला सीमा मिळते आणि समोरचा पसारा दिसत नाही. आत गादी, लोड, एक दिवा, हेडफोनचा हुक. दिव्याचा स्विच बसल्या जागी हाताशी हवा. ही बारीकसारीक गोष्ट नाही. उजेड आणि आवाज आपल्या हातात आहे हे कळलं की तेवढाच उजेड आणि तेवढाच आवाज कमी बोचतो. या कोपऱ्यात इस्त्रीचे कपडे किंवा रद्दी कधीच ठेवायची नाही, हे पहिल्या दिवशीच घरात ठरवा.

आईंशी एकच करार करा: पडदा लावलेला असेल तर हाक मारायची नाही, फोनवर मेसेज करायचा. पडदा उघडला की तुम्ही स्वतः जाऊन बोलायचं. दुसरा भाग तुम्ही पाळलात तर पहिला टिकतो.

दाब आणि हालचाल हवी असेल तर बाजारातलं वजनदार पांघरूण अंगाच्या वजनाच्या साधारण दहा टक्के वजनाचं घेतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये ते सोसत नाही. जुन्या सुती साड्यांची गोधडी चार घड्या करून मांडीवर घेतली तरी बऱ्याच जणांना पुरते, आणि धुवून धुवून मऊ झालेलं ते कापड टोचत नाही. दमा, झोपेत श्वास अडकणं, रक्ताभिसरणाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर जड पांघरूण डॉक्टरांना विचारून. झोपाळा उत्तम: पुढे-मागे एकसारखी संथ गती शांत करते, गोल फिरण्याने उलट जाग येते. भाड्याच्या घरात स्टँडचा घ्या. पंख्याच्या हुकाला टांगू नका. कड्या करकरत असतील तर ग्रीस द्या, नाहीतर तोच आवाज वहीत नोंदवावा लागेल.

वासाचं पटकन सांगतो. न वापरलेल्या बाथरूमच्या जाळीतून दुर्गंधी येत असेल तर ट्रॅपमधलं (जाळीखालच्या वाकड्या भागातलं) वास अडवणारं पाणी सुकलंय. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. डांबरगोळ्या आणि उग्र फिनेल बंद करा. उदबत्ती बाल्कनीत लावली आणि देवापुढे तुपाचं निरांजन ठेवलं तर बहुतेक घरांत कोणाचं मन दुखावत नाही. डक्ट नसलेली चिमणी फोडणीचा वास बाहेर टाकत नाही, तीच हवा गाळून घरात सोडते. एक्झॉस्ट पंखा स्वस्त आणि जास्त कामाचा. तो चालू असताना दुसरीकडची एखादी खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर त्याला ओढायला हवा मिळत नाही.

रंग सर्वात शेवटी, आणि घरमालकाची परवानगी असेल तरच. मॅट इमल्शन, पांढऱ्याशुभ्रपेक्षा जरा मळकट छटा. डब्यावरचं नाव पाहून रंग ठरवू नका. २ फूट बाय २ फूट भाग रंगवून सकाळी, दुपारी आणि रात्री नव्या दिव्यांत पाहा.

पैशांची वाटणी: दिवे, रेग्युलेटर, ब्रशपट्ट्या, सतरंजी आणि कोपरा या कामांना साधारण २० हजारांत बसवा. मग दोन आठवडे थांबून वही पुन्हा भरा. हॉर्न अजूनही वरच्या क्रमांकावर असेल तरच उरलेले पैसे आतल्या खिडकीत घाला. घर सोडताना चौकट आणि अ‍ॅक्रिलिक बरोबर नेता येईल, पण नव्या खिडकीचं माप वेगळं असेल तर कापून घ्यावं लागेल.

गणेशोत्सवाचे शेवटचे दिवस आणि दिवाळीच्या रात्री यांतलं काहीच पुरणार नाही. ढोल-ताशांचा आणि डीजेचा बास भिंतीतूनच येतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हवेत. सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. त्या दिवसांची यादी दरवर्षी जाहीर होते, ती पाहून नातेवाइकांकडे जायचं आधीच ठरवता येतं. घरीच राहायचं असेल तर फोमचे इअरप्लग आणि वरून इअरमफ (पूर्ण कान झाकणारे कप) असे दोन्ही वापरा. प्लग बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरायचा. नुसता तोंडाशी अडकवलेला प्लग जवळजवळ काहीच अडवत नाही. एरवी शांत घरात तासन्‌तास मफ घालून बसू नका. कान शांततेला सरावतात आणि काढल्यावर साधे आवाजही जास्त टोचतात.